स्लोचं बटण

डीव्हीडी प्लेअर बिघडला की गिऱ्हाईक फोनवर कधीच सरळ सांगत नाही. "खातो पण दाखवत नाही," असं घाटकोपरच्या एक बाई सांगायच्या. "आत घेतो, गरगर फिरवतो आणि थुंकतो," हे अंधेरीच्या एका शिक्षकांचं वर्णन. एका आजोबांनी तर "त्याला दम लागतोय" एवढंच सांगून फोन ठेवला होता. आम्ही मेकॅनिक लोक या भाषेवरून अर्धं निदान बसमध्ये बसल्या बसल्याच करायचो. खातो पण दाखवत नाही म्हणजे लेन्स गेली. थुंकतो म्हणजेही बहुतेक लेन्सच, पण दाराशीच अडखळत असेल तर ट्रेचा रबरी बेल्ट सैल. दम लागतो म्हणजे आतला एखादा कपॅसिटर फुगला.

माझं आडनाव मेस्त्री आणि धंदाही मेस्त्रीचाच. त्यामुळे लोक मला नावाने हाक मारतात की कामाने, हे मला आयुष्यभर कळलं नाही. राहतो असल्फ्याला. साकीनाक्याच्या एका गाळ्यात टेपरेकॉर्डर जोडायला शिकलो, तो गाळा बंद पडल्यावर पिशवी खांद्याला लावून घरोघरी जायला लागलो. पुढे कोणतं यंत्र आलं आणि कोणतं गेलं, ती यादी इथे देत नाही. वाचणाऱ्याला तिच्यात रस नसतो आणि आता मलाही उरलेला नाही.

आतून डीव्हीडी प्लेअर फार साधी वस्तू आहे. डिस्क फिरवणारी एक छोटी मोटर, खालून लाल उजेड टाकून ती वाचणारी मसुराच्या दाण्यापेक्षा जराशी मोठी लेन्स, आणि वाचलेलं टीव्हीला समजावून सांगणारं एक सर्किट. निम्म्या वेळा बिघाड म्हणजे लेन्सवर बसलेली धूळ. कान साफ करायची काडी स्पिरिटमध्ये बुडवून हलक्या हाताने फिरवली की काम झालं. उरलेल्या निम्म्यातले निम्मे झुरळांचे. आपल्याकडे झुरळाला प्लेअरइतकी उबदार जागा दुसरी मिळत नाही. मी डबा उघडला की घरातली माणसं भोवती जमायची आणि पहिलं झुरळ बाहेर पडलं की बायका एकमेकींकडे बघायच्या. "आमच्या घरात झुरळं नाहीत हो," असं मला प्रत्येक घरात सांगितलं गेलंय.

विक्रोळीला एका घरी ट्रे आपोआप उघडायचा. कुणी हात लावलेला नसताना, दिवसातून चार-पाच वेळा. "सासूबाई गेल्यापासून सुरू झालंय," त्या घरच्या बाई हळू आवाजात म्हणाल्या. बटणाखाली साखरेचा पाक गेलेला होता. तो खरवडून काढला आणि ट्रे शांत झाला. महिन्याने बाजारात त्या भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "बंद झालं ते बरंच झालं. पण दुपारी चुकल्यासारखं वाटतं." असली माणसं आठवली की आजही हसू येतं. आपल्या हाताला गुण होता असंही वाटतं.

पण या दिवाळी अंकासाठी लिहायला बसलो तेव्हा त्या आठवणी नुसत्या येऊन गेल्या. ठाण मांडून बसलं ते मुलुंडचं काम. ते मी नीट केलं नाही. लिहून काढलं तर मोकळं वाटेल असं बायको म्हणते. बघू.

दहा-एक वर्षं झाली असतील. तोवर लोक सगळं फोनवर बघायला लागले होते आणि माझ्याकडे येणारी कामं आठवड्याला दोन-तीनवर आली होती. एका सकाळी मुलुंड पूर्वेहून फोन आला. आवाज म्हातारा, पण स्वच्छ.

"डीव्हीडी प्लेअर तुम्हीच बघता ना? आमचा स्लो होत नाहीये."

"स्लो झालाय म्हणता?"

"नाही. स्लो होत नाहीये. मला स्लो व्हायला हवाय."

अशी तक्रार मी पहिल्यांदाच ऐकत होतो. रिमोटवर स्लो नावाचं एक बटण असतं, चित्र सावकाश पुढे नेणारं. ते कुणी वापरत असेल असं मला वाटलंच नव्हतं.

नार्वेकर तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहत होते. वय सत्तरीच्या आसपास, उंच, इस्त्रीचा शर्ट घरातसुद्धा. एका औषध कंपनीच्या गोदामात हिशेबनीस म्हणून आयुष्य काढलेलं. टीव्ही पश्चिमेच्या खिडकीलगत, त्याच्याखाली प्लेअर. रिमोट हातात घेतला आणि मी चाटच पडलो. बाकीची बटणं नव्यासारखी होती. स्लो आणि पॉज, दोघांवरची अक्षरं पार पुसली गेली होती. स्लोच्या बटणाला तर बोटाने खळगा पडला होता.

असल्या बटणाखाली एक काळा ठिपका असतो, तो झिजला की बटण मेलं. त्याला आमचा एक जुना उपाय आहे. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाची चंदेरी चकती कापायची आणि ठिपक्यावर चिकटवायची. नार्वेकरांच्या घरी गोळ्यांच्या पाकिटांना तोटा नव्हता. दहा मिनिटांत बटण जिवंत झालं.

"लावून बघा," मी म्हटलं.

त्यांनी प्लेअर सुरू केला. डिस्क आतच होती. कसल्याशा संमेलनाचं चित्रण होतं. रंगमंच, मागे पडदा, समोर खुर्च्या. एक तिशीच्या आतला मुलगा पुढे आला आणि हातांनी बोलायला लागला. आवाज अजिबात नव्हता. नार्वेकरांनी स्लोचं बटण दाबलं. मुलाचे हात पाण्याखाली असल्यासारखे सावकाश फिरायला लागले. नार्वेकर पुढे वाकून बघत होते आणि मी खोलीत आहे हे विसरले होते.

तेवढ्यात चित्र फुटलं. पडद्यावर चौकोन चौकोन आले, क्षणभर थांबले आणि गेले.

"हे असं होतं कधी कधी," ते म्हणाले.

मी डबा उघडला, लेन्स पुसली, डिस्क बाहेर काढून उलटी करून बघितली. दुकानात मिळते ती छापील डिस्क नव्हती. घरी किंवा स्टुडिओत भरून घेतलेली होती. हा फरक बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतो म्हणून सांगतो. छापील डिस्कवरचा मजकूर ठशासारखा असतो, तो सहसा जात नाही. भरलेल्या डिस्कवर रंगाचा एक पातळ थर असतो आणि मजकूर त्या रंगात जाळून लिहिलेला असतो. ऊन लागलं, उष्णता लागली की तो रंग कपड्याच्या रंगासारखा उडतो. आणि लिहिणं आतून बाहेर जातं, म्हणजे कार्यक्रमाचा शेवट असतो डिस्कच्या कडेला. कडच आधी खराब होते.

या डिस्कची कड फिकी पडली होती. मला ते दिसलं. हे मी स्पष्ट लिहितो, कारण पुढे बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तेव्हा लक्षात आलं नव्हतं. लक्षात आलं होतं. हिची आधी दुसरी प्रत काढून घ्या, एवढंच वाक्य बोलायचं होतं. पण लेन्स पुसल्यावर चौकोन गेले, चित्र स्वच्छ आलं, नार्वेकर "वा" म्हणाले आणि चहा ठेवायला उठले. यंत्र सुरू झालं की मेकॅनिकला दुसरं काही दिसत नाही. मी चहा प्यालो आणि पिशवी आवरून निघालो.

चार महिन्यांनी पुन्हा फोन. आता "नो डिस्क" दाखवत होता. गेलो, लेन्स खरंच संपली होती. दिवसाला कितीतरी तास चालणारा प्लेअर, आणि पॉज केलेलं चित्र पडद्यावर तास-तास तसंच. थांबलेलं दिसतं ते चित्र. आत डिस्क फिरतच असते आणि डबा तापतच असतो. दुसऱ्या दिवशी नवी लेन्स घेऊन आलो, बसवली. कार्यक्रमाचा पहिला भाग सुरेख आला. त्या मुलाच्या जागी मात्र चौकोन आले, चित्र अडलं, मग निघालं, मग पुन्हा अडलं.

"हा कोण?" मी विचारलं.

"माझा मुलगा. मंदार."

मग त्यांनी सांगितलं. मंदार जन्मापासून कर्णबधिर. एकुलता एक. छपाईच्या कामात चांगला तयार झाला होता, नोकरी होती, मित्र होते. सव्विसाव्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत गेला. हे चित्रण त्याच्या आदल्या वर्षीचं, त्यांच्या संस्थेच्या संमेलनातलं. 'माझं घर' या विषयावर तो चार मिनिटं बोलला होता. शेवटचा वक्ता होता.

"मग ते ऐकायला तुम्ही गेला होतात?"

"सुलभा गेली होती. माझी बायको. मला सुट्टी नव्हती. म्हणजे, मागितली नव्हती." त्यांनी हातातला रिमोट टीव्हीखाली ठेवला. "गेलो असतो तरी कळलं नसतं. ती दोघं दिवसभर हातांनी बोलायची. मी पेपर वाचायचो."

सुलभाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या असेपर्यंत डिस्क कधी लावली तर नवऱ्याला त्याच सांगायच्या, आता तो हे म्हणतोय, आता ते म्हणतोय. शेवटी शेवटी म्हणायच्या, तुमच्याबद्दल चांगलं बोललाय हो तो. काय बोललाय ते नार्वेकरांनी कधी नेमकं विचारलं नाही. मग त्या गेल्या आणि घरात ती भाषा येणारं कुणी उरलं नाही.

तेव्हा नार्वेकरांनी मंदारचा मित्र शोधून काढला. जिग्नेश त्याचं नाव, तोही कर्णबधिर, घाटकोपरला घरच्यांच्या कापडाच्या दुकानात बसणारा. त्याच्याकडे आठवड्यातून दोनदा जाऊन हे शिकत होते, सत्तराव्या वर्षी. घरी येऊन डिस्क लावायची, स्लो करायची, एकेक खूण ओळखायची. एक वाक्य लागायला कधी आठवडा, कधी दोन.

मला राहवलं नाही. "जिग्नेशलाच बोलावून दाखवायची ना. एका बैठकीत सगळं सांगितलं असतं त्याने. लिहून दिलं असतं."

"दिलं असतं," ते म्हणाले. "पण मग ते जिग्नेशने सांगितलेलं झालं असतं. आधी सुलभाने सांगितलेलं होतं. मला एकदा मंदारकडून ऐकायचंय, मेस्त्री."

तेव्हा मात्र मी डिस्क त्यांच्यासमोर धरली, फिकी कड दाखवली आणि सगळं समजावून सांगितलं. प्लेअरचा दोष नाही, डिस्क जाते आहे, तिची प्रत ताबडतोब काढायला हवी. त्यांचा चेहरा उतरला.

"तुमच्याकडे ठेवून जावी लागेल?"

"एक दिवस."

"नको. घराबाहेर नको."

बरोबरच होतं. मी म्हटलं, रविवारी पुतण्याचा लॅपटॉप घेऊन येतो, इथेच तुमच्यासमोर काढू. तोवर लावू नका. ते हो म्हणाले.

तो रविवार गणपतीच्या आधीचा होता. आमच्या गावच्या घरी गणपती असतो. दरवर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी जातो, त्या वर्षी भावाची गाडी शनिवारीच निघणार होती. मखराचं सामान बांधताना बायको म्हणाली, "तू उद्या मुलुंडला जाणार होतास ना रे?"

"आल्यावर जाईन. डिस्क काय पळून जातेय?"

"फोन तरी कर त्यांना."

फोन केला. नार्वेकर म्हणाले, "जाऊन या हो. घाई नाही. माझ्याकडून बाप्पाला नमस्कार सांगा." त्यांच्या आवाजात मला सुटल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. तेव्हा वाटलं, भला माणूस आहे, समजून घेतो.

गावाहून बारा दिवसांनी परत आलो. आल्यावर तापाने चार दिवस पडून होतो, मग पवईच्या एका ऑफिसचं मोठं काम आलं. आज-उद्या करता करता आणखी आठवडा गेला. मग एका सकाळी त्यांचा फोन आला. एवढंच म्हणाले, "मेस्त्री, नो डिस्क म्हणतोय."

पुतण्याला कामावरून बोलावून घेतलं आणि दोघं लॅपटॉप घेऊन गेलो. डिस्क आत घातली. ती फिरायची, थांबायची, पुन्हा फिरायची. तो आवाज ज्याने ऐकलाय त्यालाच कळेल. यंत्र आंधळ्यासारखं चाचपडत असतं. साध्या पाण्याने डिस्क धुतली, पुसली, दुसरा ड्राइव्ह लावला. काही नाही. प्लेअर खिडकीलगत उन्हात होता आणि डबा गरम होता. मी हात लावून बघितला. नार्वेकरच म्हणाले, "लावत होतो मी. रोज."

अंधेरीला असल्या डिस्क वाचवणारा एक जण मला माहीत होता. नार्वेकर या वेळी नको म्हणाले नाहीत, पण डिस्क माझ्या हातात दिली नाही. दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून वर सुती रुमाल बांधला आणि रिक्षात सबंध रस्ताभर मांडीवर धरून बसले. पवईच्या तलावाशी रिक्षा खड्ड्यात आपटली तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी ती छातीशी धरली.

त्या दुकानात खास ड्राइव्ह होते आणि चालवणारा तरुण शांत, धीराचा होता. ठेवून जा, वेळ लागेल, असं त्याने सांगितलं. नार्वेकर म्हणाले, "मी बसतो." खरोखर बसले. एका स्टुलावर, पाठ टेकायला काही नसताना, दुपारचे चार-साडेचार तास. मी बाहेरून वडापाव आणला, त्यांनी तो हातात धरून ठेवला.

संध्याकाळी त्या तरुणाने आम्हाला आत बोलावलं. डिस्कवरचं बहुतेक सगळं वाचलं होतं. प्रार्थना वाचली होती, पाहुण्यांचा सत्कार वाचला होता, बक्षीससमारंभ पूर्ण वाचला होता. कुणीतरी खुर्च्या हलवतंय, तीन मिनिटं नुसत्या खुर्च्या हलवतंय, तेही लख्ख वाचलं होतं. मंदार पुढे आला, बोलायला लागला. पन्नासेक सेकंदांनी चित्र फुटलं आणि पडदा काळा झाला.

"पुढचं?" मी विचारलं.

"पुढे काही नाही राहिलेलं, काका," तो म्हणाला. "मी वेगवेगळ्या प्रकारे करून बघितलं. तिथे आता लिहिलेलंच नाहीये काही."

नार्वेकरांनी त्याचे आभार मानले. वाचलेलं भरून दिलेला पेन ड्राइव्ह खिशात ठेवला, डिस्क पुन्हा पुठ्ठ्यात घालून रुमाल बांधला. मी त्यांना मुलुंडला घरापर्यंत सोडायला गेलो. जिने चढताना ते दोनदा थांबले. घरात गेल्यावर दिवा लावला आणि टीव्हीकडे तोंड असलेल्या त्यांच्या खुर्चीत बसले.

"एवढं तर मला येतच होतं," ते म्हणाले.

मला आधी कळलं नाही.

"जेवढं वाचलंय तेवढं मला येतच होतं. त्याच्या पुढचं शिकायचं होतं."

मी म्हणालो, माझी चूक झाली. पहिल्याच दिवशी कड बघितली होती, तेव्हाच बोलायला हवं होतं. गावाला जायच्या आधी यायला हवं होतं. हे सगळं मी एका दमात बोलून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. नाही, नाही, तुमची काय चूक, असं काही ते म्हणाले नाहीत, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

मग त्यांनी दोन्ही हात वर केले आणि बोलून दाखवायला लागले. हाताने एक खूण आणि तोंडाने तिचा अर्थ, असं सावकाश.

"माझं नाव मंदार. मी मुलुंडला राहतो. हा दिवा माझ्या डोळ्यांवर येतोय, जरा बाजूला करा. आमच्या घरी तीन माणसं आहेत. एक आई." गालाला दोन बोटं लावली. "सुलभाला खळी पडायची. त्यांच्या भाषेत प्रत्येकाला हाताचं एक नाव असतं, मेस्त्री. ते घरचे नाहीतर मित्र ठेवतात. तिचं हे. एक मी. आणि एक बाबा."

बाबा म्हणताना त्यांनी एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट पकडलं. तसंच धरून ठेवलं.

"हा मी," ते म्हणाले.

मला ती खूण कळली नाही.

"लहान होता तेव्हा शाळेत सांगायचे, हातवारे करू देऊ नका, तोंडाने बोलायची सवय लावा. सुलभा ऐकायची नाही. मी ऐकायचो. तो हात हलवायला लागला की मी त्याचे हात असे धरायचो आणि म्हणायचो, बोल. तोंडाने बोल. पाच-सहा वर्षांचा होता. हात सोडवायला बघायचा." मनगट अजून त्यांच्या हातातच होतं. "ही खूण कसली ते जिग्नेशला विचारलं तर तो सांगेना. मग माझं मलाच कळलं. त्या दिवसापासून पुढचं बघायचं धाडस झालं नाही. रोज इथपर्यंत यायचो आणि पॉज करायचो. तुम्ही गावाला जातो म्हणालात तेव्हा मला बरंच वाटलं होतं. म्हटलं, बारा दिवस मिळाले."

त्यांनी मनगट सोडलं. हात मांडीवर ठेवले. पुढे त्यांना येत नव्हतं.

"सुलभा म्हणायची, चांगलं बोललाय. ती मला बरं वाटावं म्हणून म्हणत असेल का?"

मी म्हटलं, जिग्नेशही असेल ना तिथे, त्याला विचारा.

त्यांनी विचारलं, पण पुढे बऱ्याच दिवसांनी. जिग्नेश त्या संमेलनात होता. त्याने थोडा विचार केला आणि खूण केली, चांगलं बोलला होता. काय बोलला ते मात्र आठवत नाही म्हणाला. नार्वेकरांनी मला हे फोनवर सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात ना आनंद होता, ना राग. "तोही तेच म्हणतो," एवढंच म्हणाले.

त्यानंतर मी जिथे जिथे गेलो तिथे डबा उघडायच्या आधी विचारायला लागलो, आत कोणती डिस्क आहे, घरची आहे का, तिची प्रत आहे का. लोक वैतागायचे. "अहो, तुम्ही मशीन बघा ना," म्हणायचे. काही जणांनी ऐकलं. कांजूरच्या एका घरचं बारसं आणि भटवाडीतल्या एका आजीची मुलाखत माझ्या आग्रहामुळे शिल्लक आहे, हे मला माहीत आहे. त्याने मुलुंडचं काही भरून येत नाही, हेही माहीत आहे. आता तर कामच बंद केलंय. नजर कमी झाली, हात थरथरतो, आणि प्लेअर कुणाकडे राहिलेत?

नार्वेकर आता ऐंशीच्या घरात आहेत. गुडघ्यांमुळे जिना उतरत नाहीत. जिग्नेश रविवारी त्यांच्याकडे येतो, दोघं हातांनी बोलत बसतात. एकदा मी गेलो होतो तेव्हा बघितलं. नार्वेकरांचे हात चांगले भराभर चालतात आता. जिग्नेशने काहीतरी विनोद केला आणि दोघं हसले, मला काही कळलं नाही. मी समोरच्या स्टुलावरचा पेपर उचलून वाचत बसलो.

हे लिहायच्या आधी त्यांना फोन केला. नावं बदलीन, ओळख पटणार नाही असं करीन, पण लिहू का, असं विचारलं. त्यांना आता कमी ऐकू येतं, त्यामुळे दोनदा सांगावं लागलं.

मग म्हणाले, "लिहा. सगळं लिहा. मी हात धरायचो तेही लिहा. फक्त तो पुढे काय म्हणाला ते तुमच्या मनाने लिहू नका."

मी म्हटलं, "नाही लिहीत."